एक वाटी राहू दे

“एक वाटी राहू दे की गं.”

अव्वाचं हे वाक्य मला अजून पाठीमागून ऐकू येतं. सोलापुरात आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत ती एकटी राहायची. वळसंगकडची, घरचं बोलणं कानडी, म्हणून सगळ्यांची अव्वा, म्हणजे आई. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल, जिला शेजारच्या पोरींची डोकी आपल्याच मालकीची वाटतात.

रविवारी सकाळी तिच्या दारात पाटा मांडलेला असे. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या माक्याची पानं, थंडीत आवळे, उन्हाळ्यात कोरफड. ताकात भिजवलेली मेथी मात्र बारमाही. आवळ्याचा लेप ती लोखंडी कढईत मुरवून काळाकुट्ट करायची. आम्ही पाच-सहाजणी पायरीवर ओळीनं बसायचो.

“अव्वा, लई वास येतोय.”

“येऊ दे की. नवरा काय आत्ता बघाय आलाय व्हय?”

सगळ्यांची डोकी थापून झाली की ती एक वाटी लेप बाजूला ठेवी. आम्हाला वाटे, स्वतःसाठी असेल. पण तिचे केस चिमूटभर, पांढरे. त्यांना लेप लागलेला कुणी कधी पाहिला नाही. एखादीनं त्या वाटीला हात घातलाच तर तेच वाक्य. आवाज चढायचा नाही, पण हात आपोआप मागे यायचा.

दुष्काळाच्या वर्षी मला टायफॉईड झाला. केस मुठीमुठीनं गळाले, उरलेले आईनं कापून टाकले. लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी माझी लांब वेणी पाहिलेली. आता त्यांनी नाही म्हटलं तर? आई पदर तोंडाला लावून रडायची.

अव्वा नुसतं म्हणाली, “बा, ये, बस हितं.” त्या वर्षी माका कुठं उगवलाच नव्हता. देवळामागं मोरीच्या पाण्यावर एक जास्वंद जगली होती, तिची पानं ती ओच्यात भरून आणायची. माझं डोकं थापताना मधेच तिचं बोट थांबायचं, आणि मला उगाच वाटायचं की हिला माझं डोकं दिसत नाहीये, दुसरंच कुणाचं तरी दिसतंय.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा केस जेमतेम मानेपर्यंत आले होते. अव्वानं मला आत बोलावून ट्रंक उघडली. मऊ फडक्यातून गंगावन काढलं, वेणीत गुंफायचा केसांचा झुपका. कमरेइतके लांब, काळेभोर केस. त्यांना मेथीचा वास येत होता. ती वाटी कुणासाठी असायची, ते मला तेव्हा कळलं.

“माझ्या पोरीचे. तुझ्यासारकाच ताप. कापले तवा जिती होती ती.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “लग्नात मी गुंफीन. एकदा मिरवू दे की त्यास्नी.”

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

आईनं ऐकलं आणि पांढरी पडली. “मेलेल्या पोरीचे केस घेऊन बोहल्यावर उभी राहणार तू?”

तिनं बाजारातून दुसरं गंगावन आणलं. मी ते ठेवून घेतलं. अव्वाला सांगायचं धाडसही झालं नाही.

लग्नाच्या सकाळी ती फडकं छातीशी धरून आली. माझी वेणी घालून झाली होती. ती मागं उभी राहिली, वरून खालपर्यंत वेणीवरून बोटं फिरवली.

“हिला लेप लागलेला न्हाय कदी,” म्हणाली. फडकं पदराखाली घेतलं. “सुखी ऱ्हा.”

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर तिच्या दाराला कुलूप.

“भावाकडं गेली वळसंगला,” शेजारीण म्हणाली. “तुझ्या लग्नापासनं पाटा मांडला न्हाय तिनं. जायच्या सकाळी तेवढा मांडला. एका वाटीपुरता.”

वाटी पायरीवरच होती. लेप वाळून तडकला होता. कडेला एक काळा केस चिकटलेला, मी ओढत गेले तसा येतच राहिला, कमरेइतका लांब. माझे तेव्हा खांद्यापर्यंतच होते.