होडीखालची धूळ

बांबूच्या पाच ओल्या कामट्या वरून सुटून एकीवर एक पडतात, तेव्हा होणारा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? आधी कापडाची सळसळ, मग पाच ठोके. शेवटचा जरा जड. मी ते नेहमी मोजतो. मोजणे हा माझा स्वभावही आणि नोकरीही. जळकोटजवळच्या एका तलावावर रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हेच काम मी कितीतरी वर्षे केले. पण ज्या पाण्याची उंची इंचाइंचाने मोजायची, त्याच्या पाठीवरून एकदाही जायचे नाही, हा कुठला न्याय! म्हणून मी समुद्रकिनाऱ्यावरची एक जुनी, छोटी शिडाची होडी विकत घेतली आणि हैदराबादेकडे निघालेल्या ट्रकवरून नळदुर्गात उतरवून घेतली. ढाब्यावरची माणसे जेवण सोडून बघायला आली होती.

आमचा वारा मात्र समुद्राचा नव्हे. तो माळावरून येतो आणि न सांगता येतो. होडीच्या तिकोनी शिडाने मला दोनदा पाण्यात फेकले. कचेरीच्या दाराला बांबूच्या कामट्यांचा पडदा असे. एके दिवशी त्याची वरची दोरी तुटली आणि अख्खा पडदा घड्या पडत उंबऱ्यात येऊन निमूट बसला. शीड असे का नसावे? बुरुडाकडून पाच कामट्या तासून घेतल्या, मांजरपाटात आडव्या शिवल्या. त्यानंतर वारा अंगावर आला की दोरी सोडायची आणि शीड त्या पडद्यासारखे खाली बसू द्यायचे, एवढेच काम उरले. चीनमध्ये शिडे पूर्वापार अशीच असतात, हे पुढे एका मासिकात वाचले. शोध आपला नाही याचे थोडे वाईट वाटले. इतक्या दूरचे लोकही आपल्यासारखेच वाऱ्याला भितात, याचा आनंद जास्त झाला. ती होडी मासे धरणाऱ्या सोसायटीच्या एका सभासदाने मागून नेली. दुसरी आणली, शीड बदलले, तीही गेली. तिसरी मी स्वतःसाठी ठेवली, आणि नेमका बहात्तरच्या दुष्काळानंतर पुन्हा एकदा तलावाचा तळ दिसला.

पाण्यावाचून माणूस वाळतो, तशी होडीही वाळते. गाडीवर घालून ती अंगणातल्या लिंबाखाली आणून दगडांवर ठेवली, तरी फळ्या आकसत गेल्या, सांधे उघडले. उन्हाळा असाच गेला तर ती चुलीत जाणार, हे उघड होते. अशा वेळी मुरुम गावाकडून इराप्पा होडी विकत मागायला आला. त्याच्याकडच्या तलावात अजून पाणी होते आणि त्याची सोसायटीही चालू होती. आदल्या दिवशी सुतार मला म्हणाला होता, "फटींत डांबर भरा, वरून रंग मारा. कोण बघतंय?" मी डांबराचा डबा उघडलाही होता, ते का लपवू?

पण आमच्याकडे बैल विकताना गिऱ्हाईक त्याची खोड विचारते आणि विकणाऱ्याने सांगायचेच असते. इराप्पाने होडीच्या पाठीवर बैलासारखी थाप मारली आणि विचारले, "खोड काय हाय, ते सांगा भाऊ." मी खिशातले आठ आण्याचे नाणे काढून फटीत उभे केले. ते तसेच उभे राहिले. तो हसला. "ही होडी हाय का चाळणी?" मग हसू ओसरले. "जाळं वढायला बायको संगं बसती माझी. तिला पवता येत न्हाय." एवढे बोलून तो गेला. सत्य सांगितल्याचे समाधान असते म्हणतात. मला त्या संध्याकाळी फक्त सरपण दिसत होते.

युक्ती माझ्या पत्नीची, सुमनची. लाकूड भिजले तर फटी मिटतील, असे मी म्हणताच आधी ती माझ्यावरच करवादली, "माणसांना मिळंना, अन् तुम्ही होडीला पाणी पाजायचं म्हणता?" दुसऱ्या दिवशी मात्र तिने होडीत पोती अंथरली आणि भांड्यांचे, आंघोळीचे पाणी त्यांवर ओतू लागली. आठ दिवसांत लाकूड फुगले, फटी मिटत आल्या. तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाईंच्या गुरांचा हौद फुटला. त्या म्हणाल्या, "तुमची होडी रिकामीच हाय की! दोन घागरी वतते." आणि खरेच, पाण्यावर चालायला जन्मलेली ती होडी पोटात पाणी घेऊन उभी राहिली! चार जनावरे तिच्यातून पिऊ लागली. रात्री झाकण घालताना मी पाण्याच्या पातळीला खडूने खूण करी, सकाळी पाहून घेई. सलग बारा सकाळी पाणी खुणेलाच होते. तेराव्या दिवशी इराप्पाला कार्ड टाकले.

या वेळी तो बायकोला घेऊन आला. नागव्वा तिचे नाव. मी खडूच्या खुणा समजावू लागलो, पण तिने लक्षच दिले नाही. ती खाली वाकली आणि भरल्या होडीच्या पोटाखालून, एकेका सांध्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवत गेली. बारा सकाळींचे आकडे एका हाताच्या स्पर्शाने खोटे ठरू शकतात, हे मला तेव्हा कळले. तिने तळवा वर करून नवऱ्याला दाखवला. "धूळच लागली की वो. ओल न्हाय."

धूळ! वर्षभर जिच्यावर आम्ही चिडलो, जी भाकरीत, अंथरुणात, डोळ्यांत शिरली, ती त्या तळव्यावर पाहून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. व्यवहार तिथेच ठरला. नागव्वा गुरांकडे पाहून म्हणाली, "पाऊस पडंपतोर हितंच ऱ्हाऊ द्या. मुकी जनावरं हायत." शेवंताबाईंनी तिच्या तळव्यावर गूळ ठेवला.

पावसानंतर होडी गेली. आश्विनात मी मुरुमला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या तलावाच्या काठी उभा राहिलो. इराप्पा जाळ्यात गुंतला होता, दोरी नागव्वाच्या हातात होती. एकाएकी माळावरून वारा आला. तिने वर पाहिले नाही, घाईही केली नाही. नुसती मूठ उघडली. पाण्यावरून पाच ठोके आले. मी मोजले, आणि वळून एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो.