माझ्या एका मित्राला

नगरच्या आमच्या वसतिगृहात डॉक्टरीणबाई येणार आणि स्त्री-पुरुष संबंधांवर बोलणार, अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा जेवायला बसलेल्यांचं ताटात लक्ष राहिलं नाही. बाहत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. या विषयातलं माझं सगळं ज्ञान मोठ्या पोरांच्या फुशारक्यांतून आलेलं.

माझ्या खोलीतला कर्जतकडचा सोबती मात्र ताट तसंच सोडून उठला. कबड्डीचा सामना जिंकल्यावर संघातली पोरं त्याला वेश्यावस्तीत घेऊन गेली होती. बुळा म्हणतील म्हणून तो गेला. पंधरा दिवसांपासून लघवीला जळजळ होती, आणि उन्हाळ्यात लग्न ठरलेलं.

"तूच लिव्ह," तो म्हणाला. "माझं अक्षर समदी वळखत्यात."

प्रश्न निनावी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे होते. बाई एकेक वाचू लागल्या. "माझ्या एका मित्राला..." पुढची, "माझ्या एका मित्राला..." पाचव्या चिठ्ठीला त्या हसल्या. "या मित्राला भेटवा मला. फारच त्रासात आहे बिचारा!"

पोरं हसून लोळली आणि भीड चेपली. मग हात वर करून धडाधड प्रश्न! कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या पाट्या रोज बघत होतो, पण ते लग्न झालेल्यांचं काम, अशी आमची समजूत. निरोधानं रोगही टळतो, हे त्या दिवशी कळलं.

आमची चिठ्ठी उघडून बाई थबकल्या. शाळेतल्या सवयीनं मी वर कोपऱ्यात माझा हजेरी क्रमांक लिहिला होता! त्यांनी कोपरा दुमडला आणि प्रश्न तेवढा वाचला. "इंजेक्शनांनी बरा होतो हा आजार. लपवलात तर बायकोलाही होईल."

सभा संपल्यावर मी चिठ्ठी मागायला धावलो. "बाई, ही माझी नाही, माझ्या एका..."

"मित्राची," त्या म्हणाल्या.

"देवाशपथ, बाई!"

"मग उद्या घेऊन ये त्याला."

खोलीवर त्यानं एकच विचारलं, "तिला बी हुतं म्हनं?"

"व्हय."

सकाळी माझ्या आधी तोच तयार. दवाखान्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तो पुढे झाला. "मी हाय, बाई."

पूर्ण बरा होईपर्यंत लग्न नको, असं त्यांनी बजावलं. त्याच दुपारी त्यानं वडलांना पत्र लिहिलं, तारीख पुढं ढकला. पत्रपेटीकडे तो इतका भराभर निघाला की मला पळतच गाठावं लागलं.