काचेआडची थोरली

निघायच्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, चालती बैलगाडी थांबवली. सामान चढवून झालं होतं. पुढं हे बसले होते, मागं मी, आणि माझ्या मांडीवर दोन वर्षांची शेवंता. मला वाटलं, आता म्हातारी रडणार. कसलं काय! त्यांनी सरळ माझ्या गळ्यात हात घातला, पदराखालचा टाक बाहेर काढला, त्याला कुंकू लावलं आणि परत आत सारला. "आधी हिला, मग तुला. पुण्याला चालली म्हणून इसरू नको," म्हणाल्या. मला 'नीट जा' म्हणायचं राहिलं ते राहिलंच. गाडी मुरुम गावच्या रस्त्याला लागली. मागं बघितलं तर त्या वेशीत उभ्या होत्या, आणि नजर माझ्या तोंडाकडं नव्हती, गळ्याकडं होती.

वन्सं, तुम्ही जे गावी माघारी राहिलात त्यांना टाक काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखी जी माणसं पोटासाठी पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला गेली, त्यांच्या लेकरांना कोण सांगणार? म्हणून या पत्रात लिहिते. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, पानाएवढा लहान, त्यावर ठोकून काढलेलं माणूस. दोन मोठे डोळे, दोन हात, बास. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की त्या मेलेलीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. तिला विसरलं तर तिचा राग लेकरावर निघतो म्हणे. मी बिजवराला दिलेली. लग्नात मंगळसूत्र घातलं त्याच दिवशी थोरली माझ्या गळ्यात आली. घरात सगळे तिला थोरलीच म्हणायचे, आणि मला धाकटी. ती शेवंताच्या बाळंतपणात गेली होती. मी आले तेव्हा शेवंता आठ महिन्यांची, दात येत होते. कडेवर घेतली की टाक तोंडात घालायची आणि कडाकडा चावायची. मी ओढून घेतला की आकांत करायची. शेवटी मी नादच सोडला. चाव बाई, म्हटलं, तुझीच आई हाय.

हे उमरग्याच्या कचेरीत उर्दूत लिहायचे. निजामाचं राज्य गेलं, पुढं आपला मराठवाडा मुंबईकडं जोडला, कारभार मराठीत आला आणि ह्यांची बदली पुण्याला. दोन खोल्या, एक सामाईक नळ, आणि नळावर डझनभर बायका. मी पाणी भरायला वाकले की टाक पदरातून बाहेर लोंबायचा. "अहो, हे काय घातलंय?" मी खरं सांगून बसले. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी 'सवतवाल्या बाई'. त्यांचं हसणं मी सोसलंही असतं. पण माझ्या पोटात दुसरंच होतं, ते आज कबूल करते. शेवंता मला आई म्हणायची. तिला दुसरं काही माहीत नव्हतं, आणि ते कधीच माहीत होऊ नये असं मला वाटत होतं. पोर माझी हवी होती मला, सगळीच्या सगळी. आणि ही बया रात्रंदिवस आमच्या दोघींच्या मधी.

दुसऱ्या वर्षी मी टाक काढला, पेठेतल्या एका सोनाराकडं नेला आणि सांगितलं, वितळव आणि पोरीला पैंजण कर. ह्यांना म्हटलं, ट्रंकेत नीट ठेवलाय. शेवंता पैंजण घालून घरभर नाचली. मला मात्र त्या दिवसापासून एक दुखणं लागलं. गळ्याच्या खाली, टाक बसायचा तेवढी जागा गार पडायची. वैशाखात अंगाची लाही लाही व्हायची, घाम पाठीवरून वाहायचा, आणि तेवढा ठिपका माठासारखा गार. वैद्याला दाखवलं, तो म्हणाला वात आहे. वात कसला मेल्या, मला माहीत होतं काय आहे ते.

अशी सात वर्षं गेली. आत्याबाई वारल्या तेव्हा आम्ही जाऊन आलो. वन्सं, तुम्ही माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघून तोंड फिरवलंत, ते मी विसरले नाही. शेवंता चौथीत गेली. आमच्या शेजारी नळदुर्गची हमीदाबी राहायला आली, तिचा नवराही ह्यांच्याच कचेरीत. परक्या गावात आपल्या बाजूचं माणूस भेटलं की काय वाटतं ते गाव सोडून गेलेल्यांनाच कळतं. तिची दखनी ऐकली की मला बाजाराच्या दिवशीचं मुरुम आठवायचं. एका रविवारी ती म्हणाली, "चलो बाई, वो राजाके बंगलेमें सब चीजां रखे हैं कते. देखको आयेंगे." एका जुन्या संस्थानिकाच्या बंगल्यात पदार्थसंग्रहालय उघडलं होतं. दशम्या बांधल्या, शेवंताची वेणी घातली आणि आम्ही तिघी निघालो. शहरात येऊन इतकी वर्षं झाली, पण नुसतं बघायला म्हणून बाहेर पडले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दारात मी चपला काढल्या. पहारेकरी हसला, "बाई, घालून या, हे देऊळ नव्हे." पहिल्या दालनात भिंतभर तसबिरी, माणसाएवढ्या, तेलरंगातल्या. फेटेवाले, नथवाल्या, सोनेरी चौकटीत बसलेल्या. डावीकडं सरकलं तरी बघतात, उजवीकडं सरकलं तरी बघतात. हमीदाबी माझा दंड धरून म्हणाली, "अगे बाई, ये सब मरे सो लोगां हैं ना? फिर कायकू इत्ता घूर रैं?" आम्ही हसलो, पण हळू हसलो. दुसऱ्या दालनात पेंढा भरलेला वाघ, काचेचे डोळे, आणि डांबरगोळ्यांचा वास. तिसऱ्यात देव. खंडोबा, भैरव, आपल्या सोनारी गावच्या देवासारखाच उग्र एक मुखवटा, पितळी, लाकडी, दगडी, रांगेनं. मी सवयीनं प्रत्येकापुढं हात जोडत चालले. आणि मधेच मला उमगलं, की इतके देव आहेत पण एकाहीपुढं दिवा नाही. फूल नाही, कुंकवाचं बोट नाही. कपाळं कोरडी. मी शेवंताचा हात धरायला हात मागं केला तर शेवंता नव्हती.

हाका मारायची सोय नाही, सगळीकडं 'शांतता राखा'. शेवटच्या लहान खोलीत ती सापडली. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. एका काचेच्या कपाटाला नाक लावून उभी होती. आत काळ्या मखमलीवर टाकच टाक, पंचवीस-तीस तरी असतील. सगळ्यांचे डोळे वटारलेले, सगळे सारखे. मी म्हटलं, "चल गं, दशमी खायची ना?"

ती हलली नाही. खालच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवून म्हणाली, "आई, ही मला माहीत हाय."

"कशी माहीत असंल? चल."

"खरंच. हिची चव खारट हाय."

तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. असतील. पण मी वाकून बघितलं. वरची कडी तुटलेली, तांब्याच्या तारेनं बांधलेली. ती तार मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, माझ्यासमोर बांधली होती. आणि खालच्या कोपऱ्यात दोन बारके खड्डे, शेजारी शेजारी. दातांचे. सोनारानं तो वितळवलाच नव्हता, विकला होता. माझ्या लेकीच्या पायात दुसऱ्याच कुणाची तरी चांदी वाजत होती, आणि थोरली इथं काचेआड बसून होती. काचेत शेवंताचं तोंड उमटलं होतं, ते नेमकं त्या टाकावर आलं. क्षणभर डोळे कुणाचे ते मला कळेना. माझ्या गळ्यातला गार ठिपका पसरत छातीपर्यंत उतरला.

शेवंतानं खालची चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "देवी. चांदी. मराठवाडा." मग माझ्याकडं वळली. "कंची देवी, आई?"

खोटं तोंडात तयार होतं, बरं का. भवानी म्हण, पाया पड म्हण आणि चल म्हण. कोण विचारणार होतं? हे इथं नव्हते, आत्याबाई गेलेल्या, सोनार कशाला बोलतोय. पोर जन्मभर माझीच राहिली असती. पण त्या कपाटापुढं माझी जीभ उचलेना. ज्या बाईचं लेकरू मी घेतलं, तिला मी सोनाराच्या भट्टीत घालायला निघाले होते, आणि आता तिच्या तोंडावर तिला देवी म्हणून मोकळी होऊ? मला माझीच लाज वाटली. मी खाली बसले, शेवंताचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. "देवी न्हाय, बाई हाय. तुझी आई. तू जन्मलीस आन ती गेली."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग तू कोण?"

"म्या धाकटी. नंतर आले."

तिनं पुन्हा चिठ्ठीवर बोट ठेवलं. दारात हमीदाबी येऊन उभी राहिली होती. मग शेवंता म्हणाली, "देवी कशाला लिवलंय मग? नाव लिवा म्हणावं. नाव काय तिचं?"

थोरली. एवढंच मला माहीत होतं. तिला गळ्यात घालून वागवलं, तिच्यापुढं लुगडी धरली, तिच्या नावानं घाबरले, आणि नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही. माझ्यापुढं कुणी कधी घेतलंही नाही.

संध्याकाळी हे बाहेरून आले. मी चहा पुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, सोनारासकट. वाटलं, आता बोलतील. त्यांनी नुसता कप खाली ठेवला. मी विचारलं, "तिचं नाव काय होतं हो?"

"लक्ष्मी," म्हणाले.

"अहो, ते माझं नाव हाय."

"तिचंबी तेच ठिवलं होतं. आई म्हणली, आपल्या घरात लक्ष्मीच चांगली, बदलायचं कशाला."

वन्सं, त्या वेळी अजून उजेड होता, बाहेर पोरं खेळत होती, आणि मला माझ्याच घरात बसायची भीती वाटली. लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं ते नाव माझं म्हणून मी मिरवत होते. ते मेलेल्या बाईच्या अंगावरून काढून मला घातलं होतं. मी माहेरची सुंद्रा. सुंद्रा म्हणणारी माझी माणसं अजून आहेत. मी विचारलं, "आन तिचं माहेरचं?" ह्यांना माहीत नव्हतं. आळंदच्या बाजूची, घरात कानडी, आईबाप नव्हते, मामानं लग्न लावून दिलं आणि तो मामा परत कधी आला नाही. दोन वर्षं संसार केला, आणि ह्यांनी तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. सांगता सांगता ह्यांचे डोळे भरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याला आता सहा महिने झाले. दिवाळीला नवं लुगडं आलं ते मी घडी न मोडता पिशवीत घालून त्या बंगल्यात नेलं. हमीदाबीनं पहाऱ्यावरच्याला बोलण्यात गुंतवलं आणि मी कपाटापुढं लुगडं उलगडून धरलं. आधी तिला. शेवंतानं काचेवर हात ठेवला होता. गळ्यातला गारठा गेला म्हणाल तर नाही गेला. आता मी औषध विचारत नाही.

गाव आठवलं की पूर्वी मला पेवातल्या ज्वारीचा वास यायचा, बाजार दिसायचा, आणि परत जाऊ असं वाटायचं. आता तसं होत नाही. आता गाव म्हणजे मला एवढंच वाटतं, की तिथं कुणाच्या तरी डोक्यात ते नाव असेल. एखादी म्हातारी असेल, जिनं थोरलीला माप ओलांडताना बघितलं, तिच्यासंगं विहिरीवर गेली, तिला विचारलं, तुला माहेरी काय म्हणतात गं? बायका विचारतातच. मी नाही विचारलं, पण कुणीतरी विचारलं असेलच. तिकडं आळंदला सोयरीक असेल कुणाची, त्यांनीही बघा. बाळंतपणात गेली, रंगानं सावळी, मामानं दिली होती, एवढ्यावर कुणी ओळखलं तर ओळखलं.

पाया पडते, पण कळवा. कारण त्या रविवारपासून शेवंता मला आई म्हणत नाही. तिचा राग नाही. जेवते, अभ्यास करते, डोक्याला तेल लावून घेते. हाक मारायची वेळ आली की नुसती समोर येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत. परवा मी न राहवून विचारलं, "का गं, मला हाक का मारत न्हाईस?" तर वेणीची रिबीन बांधता बांधता म्हणाली, "आधी तिचं नाव कळू दे. मग तुला काय म्हणायचं ते बघू."