मंदाताई आणि मेंदीचं कुंपण

एकतीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलेल्या मंदाताईंनी आयुष्यात कधी कुणाला कामाला लावलं नव्हतं. घराला रंग त्यांनीच दिला, गळके पत्रे त्यांनीच बदलले. कुणी माणूस बोलावण्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "माझे हात काय गहाण पडलेत?" हट्टी बाई, दुसरं काय! म्हणून टेमघर गावातल्या आपल्या अंगणातलं मेंदीचं कुंपण काढायची वेळ आली तेव्हा कोयताही त्यांनीच उचलला.

कुंपण वाढून डोक्याच्या वर गेलं होतं. पलीकडे विद्युल्लताबाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका, मंदाताईंची वीस वर्षांची मैत्रीण. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण पायऱ्या नकोत. आणि बाईंच्या पुढच्या दाराला नेमक्या सात पायऱ्या. मुलगा आल्हाद ठाण्याला लिफ्टच्या इमारतीत राहायचा. रविवारी येऊन तो आईला कायमचं घेऊन जाणार होता. बाईंना मुळीच जायचं नव्हतं. त्यांचं मागचं दार सपाट परसात उघडायचं, आणि परसापलीकडे मंदाताईंचं अंगण थेट रस्त्यापर्यंत सपाट. मधे आडवं होतं ते फक्त कुंपण.

"उपटून टाका ती मेली मेंदी!" बाई खिडकीतून ओरडल्या.

सोमवारी मंदाताई भिडल्या. वॉर्ड पुसायचा तो कोपऱ्यापासून, ही त्यांची जुनी शिस्त. त्यामुळे कुंपणही त्यांनी रस्त्याकडच्या कोपऱ्यापासूनच धरलं. फांद्या तोडायच्या, बुंधा खणायचा, मुळं ओढून काढायची. गुरुवारपर्यंत तळहाताला फोड आले, कंबर धरली, आणि चाळीस फुटांतले जेमतेम सहा फूट मोकळे झाले. कोपरा मात्र लख्ख! संध्याकाळी त्यांना रडू आलं. बाई जाणार या भीतीने आलं, थकव्याने नव्हे. डोळे पुसून त्यांनी मुकाट्याने माळ्याला फोन लावला.

शुक्रवारी सकाळी अकलोलीहून दामू माळी आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि कमरेवर हात ठेवून हसला.

"मावशी, तुम्हाला कुंपण काढायचा हाय, का पलीकडं जायचा हाय?"

"म्हणजे?"

"समदा काढायला आठवडा जाईल. वाटेपुरता काढायला दोन तास बस हायेत. बाईंचा दार कुठं हाय, तेवढा दाखवा."

मंदाताईंनी कपाळावर हात मारला. चार दिवस घाम गाळून आपण भलत्याच टोकाला झटत होतो! त्यांना इतकं हसू फुटलं की त्या मातीतच बसल्या.

पण वाट किती रुंद हवी, ते दामूला ठाऊक नव्हतं. ते मंदाताईंनीच सांगितलं. "दोन वॉकर शेजारी जातील एवढी कर. चालणाऱ्याबरोबर धरणाराही लागतो." दुपारपर्यंत वाट झाली. खालची माती मंदाताईंनी स्वतः चोपून सपाट केली. तेवढं मात्र त्यांनी दामूला करू दिलं नाही.

रविवारी आल्हादची गाडी आली. तो पायऱ्या चढून वर गेला, घरभर आईला हाका मारत फिरला आणि घाबरून मागच्या दारात आला. आई मंदाताईंच्या अंगणात खुर्चीवर बसली होती. वॉकर बाजूला, हातात चहा.

"आई! चालत गेलीस?"

"मग काय उडत?" बाई म्हणाल्या. "ये, चहा घे. आणि येताना दाराशी भरून ठेवलेली ती माझी बॅग रिकामी करून ये."

मंदाताईंनी तिसरा कप विसळायला घेतला, आणि आनंदाच्या भरात कितीतरी वेळ तोच विसळत राहिल्या.