बाजाराच्या दिवशीची सभा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी शिवाजी पेठेतली. तोंडानं फटकळ, माझ्या वाटेला सहसा कुणी जात नाही. म्हणजे बोलायला जमलं नाही, ही सबब मला नाही. काम पाणलोटाच्या नकाशांचं. आधी गावाबरोबर शिवार फिरायचं, मग लोकांनीच देवळासमोर रांगोळीनं नकाशा काढायचा — ओढा कुठं, विहिरी कुठं, पड कुठं — आणि शेवटी तो ग्रामसभेत मंजूर करून घ्यायचा. लोकांना विचारल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही, हे मी गावोगाव ठासून सांगत आले.

शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावाच्या वर डोंगरात धनगरवाडा आहे. शिवारफेरीत पाय मुरगळला तेव्हा मी तिथं बायजामावशींकडं राहिले. त्यांनी पायाला हळद लावली, नाचणीची भाकरी आणि लोणी पुढं ठेवलं. अंगणातूनच हात करून समोरचा उतार दाखवला. त्यांच्या म्हशी तिथंच चरायच्या.

गावानं काढलेल्या नकाशात तो उतार 'पड' होता, म्हणजे कुणाच्या वापरात नसलेली जमीन. तिथं चर खोदायचे, झाडं लावायची आणि चराई बंद करायची. त्यानं खालच्या विहिरींना पाणी येणार होतं. आलंही. पण म्हशींनी जायचं कुठं? हे सभेत निघायला हवं होतं.

सभेचा वार सरपंचांनी ठरवला, असं सगळे समजतात. ते खरं नाही — त्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितला तो मलकापूरच्या बाजाराचा वार होता. त्या दिवशी अख्खा वाडा तूप विकायला खाली उतरतो, हे मावशींच्याच घरात जेवताना कळलं होतं. चुकून झालं? छे. वाड्यावरची माणसं आली असती तर वाद झाला असता, नकाशा पुन्हा काढावा लागला असता. आणि तो नकाशा — काय सांगू — फार देखणा झाला होता. मला तो मोडायचा नव्हता.

आदल्या दिवशी मावशींना सभेचं सांगायला मी गेले होते. वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "मला बाजार हाय, पोरी. पर तू हायस की तिथं. आमची गुरं कुठं चरत्यात ते बघितलंयस न्हवं? मग सांग की त्यास्नी."

सभेत सरपंचांनी विचारलं, कुणाची हरकत? मी पुढच्याच रांगेत होते. पाणी प्याले आणि गप्प बसले.

पुढं चराई बंद झाली. मावशींनी म्हशी विकल्या. दारात एकच उरली. लाज वाटते का म्हणाल, तर वाटते. पण लाजेनं म्हैस परत येत नाही.

मागच्या वर्षी मलकापूरच्या स्टँडवर त्या दिसल्या. मी तोंड फिरवलं होतं, त्यांनीच हाक मारली. जवळ बसवलं, चहा सांगितला. म्हणाल्या, "तू बोलली असशील, मला म्हाईत हाय. पर बाईमानसाचं कोन ऐकतंय? मनाला लावून घिऊ नगंस."

"बोलले की मावशी," मी म्हणाले. "लई बोलले."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.