सुकाणूवरची दोरी

जुन्या लढाऊ विमानाच्या शेपटीचं सुकाणू कापडी असतं. सांगाड्यावर कापड ताणून शिवायचं आणि वर लेप द्यायचा. हँगरमध्ये हे काम बाईंकडे होतं. विमान उडवायची त्यांचीच लेक, त्यामुळे प्रत्येक टाक्याला त्यांचा जीव टांगणीला.

यंदा कापड बदललं आणि विमान हट्टी झालं. हवेत नाक सारखं डावीकडे ओढायचं. नाक सरळ ठेवायला लेक सुकाणूच्या पायट्यावर उजवा पाय दाबून दाबून मेटाकुटीला यायची. उतरताना पायात त्राणच उरायचं नाही, मग चाकं टेकली की विमान भलतीकडे वळून गवतात.

"पोरीच्या पायात दम नाही," मुख्य मेकॅनिक म्हणाला. "रविवारच्या प्रदर्शनात दुसरा वैमानिक बसवू."

बाईंचं डोकंच फिरलं. सुकाणूच्या मागच्या कडेला, डाव्या अंगाला, पूर्वीच्या कारागिरांनी वीतभर दोरी चिकटवली होती. वाऱ्यात ती सुकाणूला जरा उजवीकडे ढकलायची, तेवढाच पायाला आराम. नव्या कापडावर बाई ती लावायला गेल्या, तर या मेकॅनिकनंच अडवलं होतं. म्हणे, फोटोत घाण दिसते.

आता बोलावं तर लेक रविवारी आभाळात. गप्प बसावं तर लेक जमिनीवर, सुखरूप. बाई दोन दिवस गप्प बसल्या आणि घरात भांडी आपटत राहिल्या.

संध्याकाळी लेक पोटरी चोळत बसली होती. "आई, खरंच माझेच पाय कच्चे असतील का गं?"

सकाळी बाई थेट मेकॅनिकसमोर उभ्या राहिल्या. "दोरी लावू द्या."

"सुतळीनं विमान सरळ जातं होय?"

"मग तुम्ही बसा आणि दाबा पाय. मी खालून बघते."

तो बाजूला झाला. बाईंनी दोरी चिकटवली. विमान वर गेलं, नाक सरळ. उतरताना शेपूट जरा हललं, पण लेकीनं पायानं लगेच सावरलं.

"बरं, तीच उडवेल," मेकॅनिक म्हणाला. "पण दोरीला रंग द्या, दिसायला नको."

चूक कुणाची होती, याबद्दल चकार शब्द नाही. बाई दोरी रंगवायला बसल्या. लेक मात्र आनंदानं गळ्यात पडली.

"सोड, हात रंगाचे आहेत," बाई म्हणाल्या. मेकॅनिकवर जास्त चिडावं की स्वतःवर, हेच त्यांना कळेना.