पेलिकन रोडचा दांडका

एट्टा किनेनचा हात जड होता. पेलिकन रोडला बिनतिकीट उतरलेल्या कुठल्याही टग्याला विचारा. एकाच्या कानाखाली तिने असा आवाज काढला होता की सिग्नलवरचे सीगल उडाले. स्टेशन म्हणजे तरी काय, एक फलाट, एक पत्र्याची खोली, एक फाटक, आणि फाटकाला टेकलेलं रेल्वेचं घर. स्टेशनमास्तर तीच, तिकीटवाली तीच, फाटकवालीही तीच.

मेलबर्नच्या पश्चिमेला घरं विरळ होतात तिथून ही शाखा सुटायची आणि कत्तलखान्याच्या दारात संपायची. वारा फिरला की वस्तीभर उकळत्या चरबीचा वास. परक्याला उलटी व्हायची. इथली माणसं वास आला नाही की दारात येऊन धुराड्याकडे बघायची. वास नाही म्हणजे काम नाही.

पेलिकन रोडच्या पुढे रूळ एकेरी. त्यावर जायचं तर ड्रायव्हरला एट्टाच्या हातून दांडका घ्यावा लागे. हातभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी कडी, मधे पितळेची पट्टी. दांडका एकच, त्यामुळे एका वेळी गाडीही एकच. दांडका नसेल तर ड्रायव्हर स्वतःच्या आईसाठीसुद्धा चाक हलवायचा नाही. एट्टाच्या नवऱ्याचं नाव जो. तो इंजिनवर कोळसा टाकणारा फायरमन होता. त्याचं इंजिन एकदा ‘जा रे, लाइन मोकळी आहे’ एवढ्या तोंडच्या शब्दावर निघालं, आणि समोरून दुसरं आलं. जोची ओळख बुटांवरून पटवावी लागली. रेल्वेने विधवेला हे स्टेशन दिलं. तेव्हापासून दांडका तिने कुणाचा अडवला नाही की कुणाला उगाच दिला नाही.

पोरबाळ नव्हतं. होता तो धाकटा भाऊ क्लेम. आई गेली तेव्हा तो गुडघ्याएवढा होता. एट्टाने त्याला पावावर चरबी फासून वाढवला, तिकीटखोलीत कोळशाच्या डब्यावर बसवून अक्षरं शिकवली. पुढे तो कत्तलखान्यात सुरीवर लागला. हात असा सफाईदार की म्हातारे खाटीक काम थांबवून बघत.

महायुद्धानंतर काही वर्षांनी, हिवाळ्यात, खाटकांचा संप झाला. कंपनीने मजुरी कापली, माणसं बाहेर पडली. महिना उलटला तसे पेपरातले शहाणे लिहायला लागले की हे खाटीक मुळात रक्तपिपासूच. स्वतः रविवारी मटण चापून लिहीत होते, हे सांगायला नकोच.

मग बातमी आली की सोमवारी सकाळी संपकऱ्यांच्या जागी कामाला निघालेल्या संपफोड्यांची खास गाडी येणार. कत्तलखान्याच्या दारात घोडेस्वार पोलीस आधीच उभे होते, तिथे मुंगी शिरणं कठीण. रविवारी संध्याकाळी ब्रायडी स्कली एट्टाच्या स्वयंपाकघरात आली. ब्रायडी शेजारीण, खाटकाची बायको, जिभेला हाड नाही.

“एट्टे, उद्या तुझा दांडका हरवतोय.”

“तोंड सांभाळ, ब्रायडे.”

“गाडी इथे आली, दांडका मिळाला नाही, की आली तशी परत जाईल. कुणाला ओरखडा नाही. तुझ्या क्लेमचंच तर भलं होणार ना?”

“घर जाईल माझं.”

“घर जाईल तर माझ्याकडे ये. नवऱ्याला बाहेर झोपवते. तसाही घोरतो मेला.”

एट्टाने चुलीत एक लाकूड सारलं. जो आठवला, मग क्लेम, रिकाम्या पोटाने युनियनच्या सभेत ताठ बसलेला. दोन आठवड्यांत तो तिच्याकडे फिरकला नव्हता. लाजत असेल, असं तिने धरलं होतं.

“हरवला म्हणून सांगेन,” ती म्हणाली. “पण परत जाऊ द्यायची हं गाडी.”

“तर काय ठेवून घ्यायचीय?” ब्रायडी म्हणाली.

सकाळी एट्टाने दांडका कोळशाच्या डब्यात तळाशी पुरला. गाडी आली. म्हातारा ड्रायव्हर टिबेट्स खिडकीतून हात लांबवून थांबला.

“सापडत नाही,” एट्टा म्हणाली.

“बाई, तुमच्याकडे? सापडत नाही?” टिबेट्सने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मिशीत म्हणाला, “मग मी मागे जातो. मलाही ही घाण ओढायची हौस नाही.”

पण मागे जायला जागाच नव्हती. गाडी फाटक ओलांडून आत शिरताच कुंपणामागून माणसं निघाली. त्यांनी फाटकं रुळावर ओढून साखळीने बांधली, मागे रुळाखालचे लाकडी स्लीपर रचले. पुढे दांडका नाही, मागे लाकडांचा ढीग. मधे डबे, आत संपफोडे आणि मोजके पोलीस. बोगी नव्हे, पिंजरा. दार एट्टाने स्वतःच्या हाताने लावलं होतं.

पहिला दगड आला, मग दगडच दगड. काचा फलाटावर गारांसारख्या सांडल्या. ओळखीची माणसं होती सगळी, रोज टोपी काढून तिला नमस्कार करणारी. आता त्यांच्या हातात मांस टांगायचे आकडे होते. एका माणसाला त्यांनी केसांना धरून खिडकीतून ओढलं. काचेने त्याचं पोट फाटलं. तो खाली पडला आणि त्याच्यावर बूट पडू लागले. कोण कोणाला मारतंय बघायलाही कुणी थांबत नव्हतं. एका पोलिसाने काठी उगारली, तर काठी त्याच्याच तोंडावर फुटली. बायका फलाटाच्या टोकावरून ओरडत होत्या, “चामडी सोला त्यांची! शिकवलंय ना कंपनीने!”

खोटं कशाला सांगा, पहिल्या काचेला एट्टाला बरं वाटलं. रेल्वेने ओळख पटवायला पुढे केलेले जोचे बूट तिला आठवले आणि वाटलं, फुटू दे रेल्वेच्या काचा.

मग तिसऱ्या डब्याच्या खिडकीत तिला क्लेम दिसला.

टोपी खाली ओढली होती, पण मान ओळखीची होती, लहानपणी तिनेच धुतलेली. तो उपाशी नव्हता की नाडलेला नव्हता. कंपनीने त्याला मुकादमाची जागा कबूल केली होती, एवढंच. खिडकीच्या चौकटीला त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं आणि बाहेरून एक आकडा त्याच्या तळहातातून आरपार गेला होता. त्या आकड्याने ते त्याला ओढत होते.

“एट्टे!” तो किंचाळला. “दांडका दे, एट्टे!”

ती खोलीत धावली. कोळसे उपसले. दांडका घेऊन वळली तर दारात ब्रायडी आडवी.

“आत हो, एट्टे.”

“क्लेम आहे तो, ब्रायडे.”

“माहीत आहे. म्हणूनच तुला सांगितलं नाही.”

एट्टाने दांडका फिरवला. कडी ब्रायडीच्या तोंडावर बसली. दात पडल्याचा आवाज एट्टाला नंतर जन्मभर ऐकू यायचा, असं ती स्वतःच सांगायची. ब्रायडी खाली बसली, एट्टा तिला ओलांडून फलाटावर गेली. वाटेत आडवा येईल त्याला दांडका. मनगट, गुडघा, बरगडी. आकडा धरलेल्या माणसाचं कोपर तिने मोडलं. कुणीतरी तिच्या डोक्यात वीट घातली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती इंजिनापर्यंत गेली आणि तो रक्ताळलेला दांडका टिबेट्सच्या हातात कोंबला.

“सापडला,” ती म्हणाली.

टिबेट्सने शिट्टी वाजवली आणि गाडी माणसांना झटकत निघाली. क्लेम खिडकीतून तिच्याकडे बघत होता. तिने तोंड फिरवलं.

संप मोडला. नोकरी राहिली, घर राहिलं. चौकशीत ‘हरवला होता, मिळाला’ एवढंच ती बोलली. वस्तीने तिला वाळीत टाकलं. तिकीट घेताना कुणी तोंड उघडत नसे, पैसे फळीवर आपटून जात. तिनेही मान खाली घातली नाही.

आणि क्लेम? मुकादम झाला, रोज संध्याकाळी तिच्याच फाटकातून बाहेर पडायचा. पहिल्यांदा मटणाची तंगडी घेऊन आला, हाताला पट्टी.

“एट्टे, तू नसतीस तर...”

ती तंगडी तिने त्याच्यादेखत रुळापलीकडे कुत्र्याला टाकली. शब्द नाही. संपफोड्याशी बोलायचं नसतं. पेलिकन रोडला हे कुणाला शिकवावं लागत नाही आणि एट्टाने तर त्यालाच शिकवलं होतं, त्या कोळशाच्या डब्यावर बसवून.

हे ब्रायडी समोरून, आपल्या अंगणातून, रोज बघत होती. पुढचा हिवाळा आला तेव्हा एक दिवस ती पेला घेऊन तिकीटखोलीत आली.

“दात दे माझे.”

“कोळशात शोध,” एट्टा म्हणाली.

ब्रायडी डब्यावर बसली. तिने किटलीतला चहा ओतून घेतला, पडलेल्या दातांच्या फटीतून फुंकर नीट मारता येईना. “माझा भाऊ असता तर मी त्याला मरू दिला असता,” ती म्हणाली. “असं मी रोज म्हणते. नवरासुद्धा विश्वास ठेवत नाही.”

“तो घोरतो अजून?”

“त्याला काय झालंय मरायला.”

तेवढ्यात संध्याकाळची गाडी आली. क्लेम उतरला. दोघींना बघून थबकला.

“ब्रायडी. एट्टे.”

दोघी गप्प. एट्टाने नुसता हात पुढे केला. त्याने तिकीट ठेवलं. तळहातावरचा तो गुळगुळीत गोल व्रण तिच्या बोटांना लागला, आणि त्याने हात जरा जास्तच वेळ तसा ठेवला. एट्टाने तिकीट ओढून घेतलं आणि मागच्या माणसापुढे हात केला. तो निघून गेला तेव्हा तिने फाटक लावलं, खिळा घातला, आणि आत येऊन बसली.

“चहा गार केलास की,” ती ब्रायडीला म्हणाली.